विद्वत्तेचें माप

जालना जिल्ह्यांतील तीर्थपुरी येथें गेल्या महिन्यांत आम्ही एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. घर भरलेलें, एका पंक्तीस तीन पिढ्या जेवणाऱ्या. त्या दिवशीं विषय निघाला तो घरांतील नातीचा. एम्. एस्सी. झालेल्या या मुलीस मेंदूच्या शास्त्रांत संशोधन करावयाचें आहे, आणि मार्गदर्शक कोणास करावें हा प्रश्न होता. तिच्या काकांनीं संगणकावरून दोन नांवें काढून ठेवलीं होतीं. एका प्राध्यापकांचा एच-निर्देशांक ४०, दुसऱ्या बाईंचा १६. "मग यांत विचार तो काय करावयाचा?" असें काका म्हणाले. आजोबांनीं विचारलें, "अरे, पण हे सोळा कशाचे?" त्याचें नीट उत्तर पंक्तींत कोणासच देतां आलें नाहीं. असा प्रसंग आज पुष्कळ घरीं येतो, म्हणून हा लेख.

शास्त्रज्ञ निबंध लिहितो तेव्हां पूर्वीच्या कोणाचा आधार घेतला, याची यादी शेवटीं देतो. अशा उल्लेखांची सूची करण्याची कल्पना अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं मांडली, आणि १९६४ मध्यें तशी सूची निघाली. एखादा विचार पुढें कोणी कोणी वापरला याचा माग लागावा, हा तिचा मुख्य हेतु. पुढें २००५ सालीं जॉर्ज हर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एच-निर्देशांक सुचविला. ज्याच्या १६ निबंधांचा प्रत्येकीं निदान १६ वेळां उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक १६. हिशेब सोपा खरा. परंतु एकच निबंध लिहून त्याचे हजार उल्लेख झाले, तरी तो मनुष्य १ वरच राहतो! शिवाय हा आंकडा वयाबरोबर चढतो, उतरत कधींच नाहीं. साठीच्या व पस्तिशीच्या संशोधकांची त्यानें तुलना करणें म्हणजे पाहिलेले पावसाळे मोजून शहाणपण ठरविणें होय.

उल्लेख पुष्कळ म्हणजे विचारहि थोर, असेंहि नाहीं. मेंदूंतील रसायनांचे अभ्यासक ऑलिव्हर लाउरी यांनीं सहकाऱ्यांसह १९५१ मध्यें प्रथिनें मोजण्याची एक रीत प्रसिद्ध केली. २०१४ सालच्या मोजदादींत त्या निबंधाचे उल्लेख ३ लाखांवर भरले. तेवढे दुसऱ्या कोणत्याच निबंधाचे नव्हते. कारण ती रीत प्रयोगशाळेंत सर्वांनाच लागे. उलट आनुवंशिकतेचा पाया घालणारा मेंडेलचा १८६६ चा निबंध १९०० पर्यंत जवळजवळ कोणी पाहिला नाहीं.

आपल्याकडील उदाहरण डॉ. शुभा टोळे यांचें. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत व पुढें अमेरिकेंत शिकून १९९९ मध्यें त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आल्या. गर्भावस्थेंत मेंदूचे भाग आपापल्या जागीं कसे घडतात, हा त्यांचा विषय. उंदराच्या गर्भांत एलएचएक्स-२ हें जनुक जेथें नसेल, तेथील पेशी मेंदूच्या कडेचें रूप घेतात, आणि ही कड शेजारच्या पेशींकडून स्मृतीस आवश्यक असा हिप्पोकॅम्पस घडविते, हें त्यांनीं विद्यार्थी व सहकारी यांच्यासह २००८ मध्यें 'सायन्स' या नियतकालिकांत दाखविलें. २०१० सालीं भटनागर पुरस्कार व २०१४ सालीं इन्फोसिस पुरस्कार त्यांस मिळाला. संस्थेंत येणें व हा निबंध यांत ९ वर्षें गेलीं. मध्येंच कोणी उल्लेख मोजावयास बसला असता, तर पुढील फळाची कल्पना त्यास त्या आंकड्यावरून आली नसती.

मग पालकांनीं पाहावें तें काय? जीवशास्त्रांत बहुधा ज्यानें हातानें काम केलें त्याचें नांव निबंधावर प्रथम, आणि मार्गदर्शकाचें शेवटीं असतें. तेव्हां त्या प्रयोगशाळेच्या अलीकडील निबंधांवर विद्यार्थ्यांचीं नांवें प्रथम आहेत काय, किती विद्यार्थी किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले, आणि ते आज कोठें आहेत, हें विचारावें. एक-दोन निबंध मुलीनें स्वतः वाचावे, आणि तो प्रश्न तिला पांच वर्षें पुरेल काय हें स्वतःस विचारावें.

आम्ही निघालों तेव्हां आजोबांनीं नातीस दोघांचेहि निबंध छापून आणावयास सांगितलें होतें. "इंग्रजी मला झेपेल तेवढें वाचीन," ते म्हणाले, "उरलेलें तूं समजावून सांग. जें सांगतांना तुझा आवाज चढेल, तिकडे जा." काकांनीं यावर कांहीं म्हटलें नाहीं, मात्र छापण्यासाठीं कागद त्यांनींच आणून दिला.