सही आणि संमती

धान्य घेणारा ग्राहक दाणे हातात घेऊन पारखतो, दोन दुकानांत भाव विचारतो आणि मगच पैसे मोजतो. वैद्यकीय सेवेच्या बाबतीत हे क्वचितच संभवते. कोणती तपासणी आवश्यक, कोणती शस्त्रक्रिया अटळ, हे घेणारा नव्हे, देणाराच ठरवितो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली आपल्या प्रबंधात या अनिश्चिततेचे आणि ज्ञानाच्या विषमतेचे विवेचन केले होते. ही विषमता पूर्णतः मिटणारी नाही. म्हणूनच रुग्णाच्या हक्कांना कायद्याचा आधार लागतो.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. परंतु नुकसानभरपाई हा अखेरचा उपाय झाला. रुग्णाचा मूळ हक्क आहे तो समजून घेऊन संमती देण्याचा अथवा नाकारण्याचा.

२००८ सालच्या एका निकालात या हक्काचा सविस्तर ऊहापोह झाला. एका सज्ञान स्त्रीने दुर्बिणीद्वारे तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. शस्त्रक्रिया सद्हेतूने झाली, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तथापि प्राणावर तातडीचे संकट नसताना सज्ञान व्यक्तीच्या वतीने आईलाही संमती देता येत नाही, असे सांगून न्यायालयाने डॉक्टरांना दोषी ठरविले. उपचाराचे स्वरूप, पर्याय, संभाव्य धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितले पाहिजेत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

हा निकाल डॉक्टरांइतकाच आपल्या कुटुंबसंस्थेलाही लागू पडतो. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर पती सही करतो. वृद्ध वडिलांचा आजार मुलांना ठाऊक असतो, वडिलांना मात्र नसतो. यामागे माया असते, हे खरे. परंतु देह ज्याचा, त्याचाच शब्द त्यात उरत नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दारात, घाबरलेल्या नातेवाइकापुढे इंग्रजी छापील कागद सरकवून ‘येथे सही करा’ म्हटल्याने सही मिळते, संमती नव्हे.

नियमांची वाण आता फारशी नाही. रुग्णाने मागितल्यास त्याचे कागदपत्र ७२ तासांत देण्याचे बंधन २००२ च्या विनियमांनी डॉक्टरांवर घातले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांच्या सनदेचा मसुदा मांडला. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी शुश्रूषागृहांत अशी सनद आणि दरपत्रक लावणे आवश्यक केले. भिंतीवरची सनद वाचून प्रश्न विचारणारा रुग्ण मात्र विरळा आढळतो.

या व्यवहाराची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची होय. डॉक्टरांनी सारे सांगावे, ही अपेक्षा बाळगणाऱ्या रुग्णानेही काही लपवू नये. मधुमेह, एखाद्या औषधाचे वावडे, व्यसन अथवा दुसरीकडे चालू असलेले उपचार दडविले, तर निष्णात डॉक्टरचाही निर्णय चुकू शकतो. क्षयाची औषधे बरे वाटताच मध्येच सोडणारा रुग्ण औषधांना दाद न देणाऱ्या रोगास वाट करून देतो. त्याची किंमत घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही मोजावी लागते. रुग्ण दगावल्यावर डॉक्टरांवर हात उगारणे तर २०१० च्या राज्य कायद्यानुसार गुन्हाच आहे. अशा मारहाणीच्या भीतीने डॉक्टर गंभीर रुग्ण पुढे धाडू लागला, तर त्याची झळ पुढच्या निर्दोष रुग्णाला बसते.

हक्क आणि कर्तव्य येथे एकाच सूत्रात गुंफलेले आहेत, ते म्हणजे खरी माहिती. संमतीपत्र मराठीत असावे आणि तातडीचा प्रसंग वगळता ते आदल्या दिवशी रुग्णाच्याच हाती द्यावे. यास खर्च जवळजवळ नाही. रुग्णानेही सही करण्यापूर्वी विचारावे : हे कशासाठी, दुसरा मार्ग कोणता, धोका किती आणि खर्च किती? हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. उत्तर मिळाल्यावर टिकणारा विश्वासच उपचाराला खरा उपयोगी पडतो.