मोसंबीवरील हिरवी बुरशी आणि खाद्य लेप

परभणी–पूर्णा लोहमार्गावरील आमच्या पिंगळीत परवा एका बागायतदाराने मोसंबीचा ढीग उपसला, तेव्हा वरची फळे तजेलदार असूनही तळाशी हिरव्या भुकटीने माखलेली फळे निघाली, आणि महिनोन्‌महिन्यांच्या श्रमांची ती दशा पाहून मन विषण्ण झाले.

ही ‘पेनिसिलियम डिजिटॅटम’ नावाची बुरशी; अखंड सालीतून तिचा शिरकाव सहसा होत नाही, तर तोडणीच्या वेळी नखाने वा काट्याने पडलेल्या सूक्ष्म जखमेतून ती आत उतरते.

फळावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, परंतु धुताना तो काही अंशी निघून जातो; त्याची भरपाई म्हणून मधमाशीचे मेण, लाख, कोरफडीचा गर किंवा कोळंबीच्या टरफलांपासून सिद्ध केलेले कायटोसॅन यांचा लेप देतात. लेपामुळे बाष्पीभवन व श्वसन मंदावते. कायटोसॅन तर बुरशीच्या वाढीलाच प्रतिबंध करते, म्हणून माझा कौल त्याला. (शाकाहारी ग्राहकांस त्याचे मूळ सांगणे मात्र अगत्याचे.)

लेप जाड झाला, तर प्राणवायूच्या अभावी फळ आतल्या आत आंबते; आणि ज्यात बुरशी आधीच रुजली, त्यास लेपाने जीवदान मिळत नाही. म्हणून देठ कात्रीने कापावा, जखमी फळे निवडून काढावीत, उरलेली धुऊन पूर्ण सुकवावीत आणि मगच लेपाची तजवीज करावी. यात हयगय नको.

परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील अन्नतंत्र महाविद्यालयाचा सल्ला अवश्य घ्यावा. आपल्या बागेविषयी काही पृच्छा असल्यास येथे लिहावे, यथामती उत्तर देईन.