कोरोना, काढा आणि आपले यकृत

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. वाईची बाजारपेठ बंद झाली, कृष्णेचे घाट ओस पडले. त्या वर्षीची १४ एप्रिलची जयंती आपण मिरवणूक न काढता घराच्या उंबरठ्याआड साजरी केली. हातावर पोट असलेल्यांची मजुरी बुडाली होती आणि दवाखान्यात जायची भीती वाटत होती. अशा वेळी वस्तीतल्या घराघरांत एक पातेले मात्र नेमाने चुलीवर चढायचे, ते काढ्याचे. आले, मिरे, दालचिनी, तुळस आणि कुंपणावरून तोडून आणलेली गुळवेल.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तरी आरोग्य शिबिरात आजही हमखास प्रश्न येतो, "मला कोरोना होऊन गेला. लिव्हरवर काही परिणाम राहिला असेल का?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "काढा अजून घेते, चालतो ना?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

यकृत काय काम करते?

मटणाच्या दुकानात ज्याला कलेजी म्हणतात, तेच आपल्या शरीरातले यकृत. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांखाली ते असते. मोठ्या माणसात त्याचे वजन साधारण दीड किलो भरते. अन्नातली साखर साठवणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने बनवणे ही त्याची कामे. शिवाय पोटात गेलेली गोळी, दारू, झाडपाला या सगळ्यांचा निचरा त्यालाच करावा लागतो. यकृत सोशिक आहे. बरेच खराब होईपर्यंत ते दुखत नाही. म्हणून त्रास जाणवेपर्यंत वाट पाहणे धोक्याचे ठरते.

कोरोनाचा यकृतावर परिणाम

कोरोना हा मुख्यतः फुप्फुसाचा आजार. पण दवाखान्यात दाखल झालेल्या अनेक रुग्णांच्या रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी हे आकडे वाढलेले दिसले. यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांतली ही द्रव्ये रक्तात उतरतात आणि आकडा वाढतो. त्याची कारणे एकाहून जास्त आहेत.

पहिले कारण, विषाणू ज्या कडीला धरून पेशीत शिरतो, ती कडी पित्तनलिकांच्या पेशींवरही असते. दुसरे, विषाणूशी लढताना शरीरात जी मोठी आग भडकते, तिची झळ यकृतालाही बसते. तिसरे, रक्तातला प्राणवायू घटला की यकृताची उपासमार होते. चौथे कारण औषधांचे. रेमडेसिवीर, टोसिलिझुमॅब यांसारख्या औषधांनीही हे आकडे वाढू शकतात, म्हणून ती देताना डॉक्टर यकृताची तपासणी करत.

दिलासा असा की बहुतेकांत ही वाढ सौम्य होती आणि आजार बरा होताच आकडे खाली आले. ज्यांना घरीच सौम्य कोरोना होऊन गेला, त्यांनी यकृताची धास्ती घेऊ नये. अनेक दिवस व्हेंटिलेटरवर राहिलेल्या मोजक्या रुग्णांत मात्र पित्तनलिकांचे दुखणे मागे राहिले.

खरा फटका बसला तो ज्यांचे यकृत आधीच आकसून कडक झाले होते त्यांना. या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात. अनेक देशांतल्या रुग्णांच्या नोंदींत सिरॉसिस असलेल्या कोरोनाग्रस्तांपैकी ३२ टक्के दगावले. यकृताचा जुना आजार असला तरी सिरॉसिस नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्के होते. दारू, हिपॅटायटिस बी व सी, साखरेचा आजार आणि यकृतात साठलेली चरबी ही सिरॉसिसची मुख्य कारणे. पंचशीलातले पाचवे शील यकृताच्या डॉक्टरांचाही पहिला सल्ला आहे.

मुंबईत काय आढळले?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे काविळीचे सहा रुग्ण आले. हिपॅटायटिसचा विषाणू कारण नव्हता. खोदून विचारल्यावर कळले की प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून हे सगळे गुळवेल घेत होते. ही माहिती २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असते, तिची गल्लत झाली असावी, वेलीची नीट ओळख पटवायला हवी होती, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती तपासली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. अनेकांत यकृताचा छुपा आजार आधीपासून होता आणि गुळवेलीने तो उघडा पडला.

याचा अर्थ काढा प्यायलेला प्रत्येक जण आजारी पडतो असा नाही. लाखोंनी तो घेतला आणि त्यांना काही झाले नाही. पण ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याचा धोका असतो, त्यांना ती चेतवणारी वस्तू महागात पडू शकते. आपण त्यांत आहोत की नाही, हे घरबसल्या कळत नाही. शिवाय कुंपणावरची वेल कोणती, हे दोन जाणती माणसेही वेगवेगळे सांगतात. म्हणून झाडपाल्याचे औषध महिनोन्महिने रोज घेऊ नये. थायरॉइड, सांधेवात, साखर किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. दवाखान्यात गेल्यावर काढा, चूर्ण, भस्म जे काही घेत असाल ते न लाजता सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली गोष्टच अनेकदा निदान चुकवते.

तापाची गोळीही मोजून

पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात सुरक्षित आहे. पण मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या किंवा ६५० च्या ६. दारू पिणारे, अशक्त किंवा यकृताचा आजार असलेले यांची मर्यादा याहून बरीच कमी असते, ती डॉक्टरांनी ठरवावी. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. तापाची एक आणि सर्दीची एक घेताना नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते.

कावीळ 'उतरवणे'

डोळे पिवळे दिसले की आजही काही जण कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते आणि कावीळ निघाली असे वाटते. पण हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावला असेल, तर धडधाकट माणसाच्या हातानेही ते पाणी पिवळेच होते. काही प्रकारची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. जी बरी होणार नसते, तिचे मोलाचे दिवस यात वाया जातात. रुग्णाला नुसत्या उसाच्या रसावर ठेवणेही चूक. भूक असेल तसे वरण, भात, भाकरी, अंडे द्यावे. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर हळदीचे वरणही चालते.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

- डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, शौच पांढरट
- अंगाला खाज, भूक मेलेली, सतत मळमळ
- पोटात पाणी, पायांना सूज
- रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच
- बरळणे, माणसे न ओळखणे, दिवसभर झोपाळूपणा

शेवटची दोन लक्षणे दिसली तर १०८ ला फोन करून त्याच तासाला निघा.

आपण काय करायचे?

वाईच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात यकृताच्या रक्ततपासणीची चौकशी करा. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व उपचार २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. नवजात बाळाला हिपॅटायटिस बी ची लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळाली का, हे बाळंतपणाच्या वेळीच विचारा. घरातल्या एकाला हा आजार निघाला तर सगळ्यांनी तपासून घ्या. दाखल व्हायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

टाळेबंदीत आपण काढा प्यायलो, कारण दुसरे काही हाताशी नव्हते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आता दवाखाना उघडा आहे आणि तपासणी हाताशी आहे. पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा शेजारच्या माणसाच्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहा. पिवळे दिसले, तर त्याला दवाखान्यात घेऊन जा.