मोटारीच्या रोगणावरील चिकट थर : द्रावकाची निवड

खंडेनवमीस कोल्हापुरात वाहनांची पूजा होते. त्या वेळी शोभेसाठी लावलेल्या चिकटपट्ट्या पुढे निघतात. परंतु त्यांचा चिकट थर रोगणावर राहून धूळ धरतो.

हा थर बहुधा रबरी अथवा ॲक्रिलिक बहुवारिकाचा असतो. रबरी थर रॉकेलसारख्या अध्रुवीय द्रावकात फुगून पकड सोडतो; ॲक्रिलिक थरावर त्याचा परिणाम मंद होतो. ॲसिटोन व थिनर त्वरित कार्य करतात. परंतु धोका तेथेच आहे. जुन्या मोटारींवरील नायट्रोसेल्युलोज रोगण केवळ द्रावक उडून वाळलेले असते. सबब तशाच द्रावकात ते पुन्हा विरघळते. अर्वाचीन रोगणाचे रेणू परस्परांशी जखडलेले असल्याने ते विरघळत नाही. तथापि फुगून निस्तेज होऊ शकते.

तात्पर्य, प्रथम कोमट पाण्यात भिजविलेल्या फडक्याने थर मऊ करून बोटाने लोटावा. उरलेल्या थरास, झाकलेल्या भागी परीक्षा घेऊन, रॉकेलचा बोळा काही मिनिटे लावावा. जवळ ज्योत नसावी. शेवटी साबणाच्या पाण्याने धुवावे. पाते व तारेचा घासणा वर्ज्य होत. दसऱ्यास निघणाऱ्या राजघराण्याच्या मेबॅकसारख्या जुन्या मोटारी या नगरीत आहेत; जुन्या मोटारीचे मूळ रोगण एकदा गेले की परत मिळत नाही.