गुडघ्याची कैफियत

कबड्डीच्या मैदानावर चढाईपटू निदानरेषा ओलांडून, कोपऱ्यातील बचावपटूला हूल देत, एका पायावर गर्रकन वळतो, तेव्हा त्याच्या देहाचा सारा भार आणि वेग ज्या सांध्याला पेलावा लागतो, तो गुडघा निसर्गाने मुख्यत्वे वाकण्यासाठी व सरळ होण्यासाठी घडविला आहे, गिरकीसाठी नव्हे, ही गोष्ट प्रेक्षकांच्या तर सोडाच, पण पुष्कळ प्रशिक्षकांच्याही ध्यानी नसते. मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या अंतर्भागात परस्परांस छेदून जाणारे दोन अस्थिबंध जखडून ठेवतात. त्यांतील पुढचा, ज्याला डॉक्टर आणि खेळाडू ‘एसीएल’ या आद्याक्षरांनी ओळखतात, तो नडगीला पुढे सरकू देत नाही व तिच्या पिळालाही आवर घालतो. पाऊल जमिनीत रोवलेले, गुडघा किंचित वाकून आत झुकलेला आणि धड भलतीकडे वळलेले, असा योग जुळून आला की हा बंध तुटतो. त्यासाठी प्रतिपक्षाचा धक्का लागलाच पाहिजे, असे मुळीच नाही.

निदानाचा मोठा भाग खेळाडूच्या कैफियतीतच उरकतो. ‘वळताना आतून कट् असा आवाज आला, पुढे खेळवेना, आणि दोन-तीन तासांत गुडघा टरारून फुगला’, एवढे ऐकताच जाणत्या वैद्याला एसीएलची शंका यावी. कारण या बंधात रक्तवाहिन्या असतात, तो तुटला की सांध्यात रक्त साचते, आणि म्हणूनच ही सूज मामुली लचकेपेक्षा लवकर चढते. परंतु आपल्याकडील शिरस्ता निराळा. आंबेहळदीचा लेप लागतो, हाडवैद्याकडून चोळून घेतले जाते, फार तर क्ष-किरणांचे चित्र निघते. त्यात अस्थिबंध दिसत नसल्यामुळे ‘हाड शाबूत आहे’ एवढाच निर्वाळा मिळतो, आणि त्यालाच सारे आरोग्याचा दाखला समजून बसतात.

वास्तविक खात्रीची परीक्षा हातांनीच होते. गुडघा वीस ते तीस अंशांत वाकवून, एका हाताने मांडी स्थिर धरून, दुसऱ्याने नडगी पुढे ओढून पाहावयाची. बंध शाबूत असेल तर ती ठाम अडते, तुटला असेल तर मऊपणे पुढे सरकत राहते. फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठाच्या जोसेफ टॉर्ग यांनी 1976 साली ही परीक्षा सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली आणि तिला आपले गुरू जॉन लॅकमन यांचे नाव दिले. एमआरआय हवाच, पण तो मुख्यतः या परीक्षेची रुजुवात करण्यासाठी आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या कूर्चा, म्हणजे मेनिस्कस, फाटल्या आहेत काय हे पाहण्यासाठी.

खरा धोका पुढेच आहे. काही आठवड्यांत सूज उतरते, वेदना शमते, खेळाडू सरळ धावू लागतो. बंध मात्र सहसा सांधला गेलेला नसतो, कारण सांध्यातील द्रवामुळे तुटल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही. मग वळताना गुडघा ‘सटकतो’, आणि अशा प्रत्येक सटकण्यात कूर्चेचा बळी जाण्याचा संभव असतो.

तुटलेली टोके शिवून पाहण्याचा प्रयोग लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगारावर 1895 मध्येच केला होता. नुसत्या शिवणीवर पुढे शल्यविशारदांचा भरवसा राहिला नाही, आणि आज बहुधा रुग्णाचाच एखादा स्नायुरज्जू घेऊन, दुर्बिणीच्या साहाय्याने, हाडांत बोगदे पाडून नवा बंध बसवितात. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असेही नाही. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या व 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी व्यायामोपचार घेऊन गरज पडल्यासच शस्त्रक्रियेची मुभा दिलेल्या 59 जणांपैकी 36 जणांना पहिल्या दोन वर्षांत तिची आवश्यकता भासली नाही. अर्थात त्यांत अव्वल दर्जाचे व्यावसायिक खेळाडू नव्हते; ज्याला पुन्हा चढाईवर जावयाचे आहे, त्याला बहुधा शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो.

शस्त्रक्रियेने मात्र काम निम्मेच होते. बसविलेला रज्जू आधी निर्जीवप्राय होतो, पहिल्या काही महिन्यांत अधिकच दुबळा बनतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि सावकाश त्याचे अस्थिबंधात रूपांतर होते; नेमक्या त्या दुबळ्या मुदतीत खेळाडूला मात्र आपण ठणठणीत झालो असे वाटत असते. नॉर्वेतील संशोधकांनी 2016 मध्ये दाखविले, की नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके लांबवावे, तितका प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा संभव सुमारे निम्म्याने घटतो.

तेव्हा मंडळांच्या चालकांना आणि प्रशिक्षकांना एवढीच विनंती, की स्पर्धा तोंडावर आली या सबबीखाली कोणालाही नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरवू नये, आणि त्यानंतरही दुखऱ्या पायाच्या मांडीचे बळ व एका पायावरील उडी दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरते की नाही, हे मोजून घेतल्यावाचून संघाच्या यादीत त्याचे नाव घालू नये.