शाळेचा बॉयलर आणि विद्यार्थ्यांचा ठराव

सॉल्ट लेक सिटीतल्या शाळांमध्ये हिवाळ्यात काही दिवस मुलांना मधल्या सुट्टीत मैदानावर सोडत नाहीत. थंडी हे त्याचं कारण नसतं. त्या दिवशीची हवाच छातीत भरून घेण्याजोगी नसते. अमेरिकेतल्या युटा राज्याची ही राजधानी सुमारे १,३०० मीटर उंचीवर, डोंगरांमधल्या खोलगट खोऱ्यात वसली आहे. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. इथे हिवाळ्यात उलटं घडतं. बर्फाने झाकलेल्या जमिनीलगतची हवा गारठते, जड होऊन तळाशी बसते आणि तिच्या डोक्यावर उबदार हवेचा थर येतो. मग गाड्यांचा, कारखान्यांचा आणि इमारती तापवणाऱ्या बॉयलरचा धूर वर जायला वाटच उरत नाही. धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडपासून नायट्रिक आम्ल तयार होतं, ते हवेतल्या अमोनियाशी संयोग पावतं आणि अमोनियम नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण खोऱ्यात साचत जातात. चांगला वारा सुटला तरच सुटका, आणि त्याला कधी कधी आठवडा लागतो.

या शहरातल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाकडे एक मागणी लावून धरली. जून २०२० मध्ये बोर्डाने तसा ठराव केला: २०३० पर्यंत शाळांची सगळी वीज स्वच्छ स्रोतांतून आणि २०४० पर्यंत शाळा कार्बन न्यूट्रल, म्हणजे हवेत सोडलेल्या आणि भरून काढलेल्या कार्बनची वजाबाकी शून्य. हे युटामध्ये घडलं, याला महत्त्व आहे. तेव्हा या राज्याची निम्म्याहून जास्त वीज कोळशावर होत होती. कार्बन डायऑक्साइडवर निर्बंध आणू नका, असं केंद्राला सांगणारा ठराव याच राज्याच्या विधिमंडळाने २०१० मध्ये केला होता. पुढे २०१८ मध्ये हवामानबदल मान्य करणारा ठराव त्याच विधिमंडळात मंजूर झाला, तोही लोगन गावातल्या हायस्कूलच्या मुलांनी चिकाटीने मागे लागल्यामुळे.

आता प्रश्न असा, की दोन मुदती कशाला? वीज दहा वर्षांत आणि बाकीचं वीस वर्षांत, असं का? मला या ठरावातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते.

थंड प्रदेशातल्या शाळेत ऊर्जेचा मोठा खर्च होतो तो वर्ग उबदार ठेवण्यावर. तिथे हे काम बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूवर चालणारे बॉयलर करतात. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एक किलो मिथेन जाळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याला पर्याय म्हणजे हीट पंप. हे यंत्र उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या थंड हवेतली किंवा जमिनीतली उष्णता ओढून आत आणतं. आपला फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तोच प्रकार. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

ऐकायला झकास आहे, पण हिशेब मांडून बघू. तीन युनिट उष्णता बऱ्यापैकी चांगल्या बॉयलरमधून घेतली, तर सुमारे ६५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हीट पंपाला लागणारं एक युनिट निव्वळ कोळशावर तयार झालं असेल, तर तेवढ्यानेच जवळपास एक किलो जातो! म्हणजे कोळशाच्या विजेवर हीट पंप चालवणारी शाळा बॉयलरवाल्या शाळेपेक्षा जास्त कार्बन सोडेल. वीज स्वच्छ होत गेली की मात्र पारडं फिरतं. आधी वीज आणि मग उष्णता, हा क्रम म्हणूनच अचूक आहे.

तरी त्यात एक पेच उरतो. बॉयलर एकदा बसवला की पंचवीस-तीस वर्षं चालतो. ठरावानंतर एखाद्या शाळेने बिघडलेल्या बॉयलरच्या जागी नवा वायूचाच आणला, तर तो २०४० नंतरही धडधडत राहणार, किंवा चालू स्थितीतलं यंत्र भंगारात काढावं लागणार. ठरावाची मागणी करणाऱ्या मुलांनी तोवर शाळाच काय, कॉलेजही सोडलेलं असेल. त्यामुळे दर वर्षीच्या खरेदीच्या यादीवर नजर ठेवायला प्रत्येक वर्षी नवी मुलं लागतात.

आपल्याकडे बहुतेक शाळांना बॉयलर नाही, पण हिशेबाची पद्धत तीच. वीजबिल, बसचं डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस ही तीन कागदपत्रं मुलांच्या हाती दिली, तर आठवीचा वर्गही ढोबळ ताळेबंद मांडू शकेल. एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. भारतातल्या ग्रिडची वीज म्हणजे युनिटमागे साधारण ०.७ किलो. समजा, शाळेत ७५ वॅटचे शंभर जुने पंखे आहेत, ते रोज सहा तास, वर्षाला दोनशे दिवस फिरतात. त्यांच्या जागी ३० वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले तर वर्षाला ५,४०० युनिट वाचतात, म्हणजे सुमारे ३.८ टन कार्बन डायऑक्साइड.

एवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं, तर मोठ्या झालेल्या एका झाडामागे वर्षाला वीसेक किलो धरून १९० झाडं लागतील. मोठी झालेली, म्हणजे पावसाळ्यात फोटोपुरती लावून मार्चमध्ये वाळून गेलेली मोजायची नाहीत. वृक्षारोपण करू नये, असं म्हणणं नाही. सावलीसाठी, पाखरांसाठी जरूर करावं. ताळेबंदात मात्र ते शेवटच्या ओळीत यावं, पंखे आणि बस झाल्यावर.

राहिला पोषण आहाराच्या स्वयंपाकाचा सिलिंडर. घरगुती १४.२ किलोचा एक सिलिंडर संपला की ४२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. मुलं तो आकडा वहीत लिहितील आणि लिहावाच, पण कपातीची सुरुवात तिथून करायची घाई नको. चुलीच्या धुरातून स्वयंपाकाच्या ताईंची सुटका याच सिलिंडरने केली आहे.