कोकोची बाग आणि रानातील वृक्ष

चॉकलेट आज खेड्यापाड्यांतील दुकानांतही मिळते. परंतु ज्या कोकोच्या बियांपासून ते तयार होते, त्यांपैकी निम्म्याहून अधिक बिया पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतात, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. तेथे हे पीक प्रामुख्याने दोन ते पाच हेक्टरांची बाग सांभाळणारी लक्षावधी कुटुंबे काढतात. त्यांचा चरितार्थ आणि त्या प्रदेशात उरलेली वर्षावने या दोहोंशी एक प्रश्न निगडित आहे : बागेत उभ्या असलेल्या रानवृक्षावर हक्क कोणाचा?

कोको मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातला, उंच वृक्षांच्या सावलीत वाढणारा. फणसाप्रमाणे त्याच्या खोडालाच फळे लागतात. फुलांचे परागीकरण चिलटांसारखे सूक्ष्म कीटक करतात आणि हे कीटक कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात वाढतात. सावली, ओल व पाचोळा यांचे मोल पोफळीवर मिरवेल चढविणाऱ्या कोकणातील बागायतदारास निराळे सांगावयास नको.

घानात टेटे क्वार्शी यांनी फर्नांडो पो बेटावरून आणलेले कोकोचे बी माम्पाँग येथे १८७९ मध्ये लावले. त्या काळचे शेतकरी मोठे वृक्ष राखून खालचे रान साफ करीत व तेथे कोको लावीत. पुढे उन्हातही लवकर फळ देणारे संकरित वाण आले आणि सावलीची गरज उरली नाही, अशी समजूत रूढ झाली. नव्याने तोडलेल्या रानाची माती सुपीक असते, तणही कमी असते. त्यामुळे पहिली वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न चांगले येते. नंतर झाडे थकतात, कीड व रोग वाढतात, आणि त्याच जमिनीत पुन्हा लागवड करणे नवे रान तोडण्यापेक्षा महाग पडते. साहजिकच कुऱ्हाड पुढे सरकते. १९६० नंतर आयव्हरी कोस्टने आपल्या वनांपैकी ८० टक्क्यांहून अधिक वने गमावली, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय.

यासाठी शेतकऱ्यास अडाणी ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. घानातील १९६२ च्या कायद्यानुसार आपोआप उगवलेल्या इमारती वृक्षांचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे, विश्वस्त या नात्याने, देण्यात आला. तोडीचा परवाना ठेकेदारास मिळतो. त्याने वृक्ष पाडला की त्याखाली कोकोची झाडे चिरडतात. लाकडाचे पैसे शेतकऱ्याच्या हाती येत नाहीत आणि नुकसानभरपाई बहुधा अपुरीच असते. आपल्याकडील ऐनाच्या कुळातील ‘एमिरे’ हा वृक्ष कोकोला उत्तम सावली देतो. परंतु त्याचे रोप बागेत उगवलेले दिसताच ते उपटून टाकणे, हाच शेतकऱ्याच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो!

अलीकडे चित्र थोडे पालटत आहे. घानाने २००२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शेतकऱ्याने स्वतः लावलेले वृक्ष ठेक्यातून वगळले. आयव्हरी कोस्टच्या २०१४ च्या वनसंहितेने वृक्षाची मालकी जमीनमालकाकडे दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बॉन येथे दोन्ही सरकारांनी कोको-व्यापारातील कंपन्यांसह, कोकोसाठी होणारी वनतोड थांबविण्याचा संकल्प जाहीर केला. ३१ डिसेंबर २०२० नंतर वन तोडलेल्या जमिनीवरील कोको आपल्या बाजारपेठेत येऊ द्यावयाचा नाही, असा नियम युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला. मात्र त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. भावाचाही विचार झाला : २०२०-२१ च्या हंगामापासून दोन्ही देशांनी दर टनामागे ४०० डॉलर अधिक आकारावयास प्रारंभ केला.

या साऱ्यांत आम्हांस महत्त्वाची वाटते ती घानातील वृक्षनोंदणी. वृक्ष लावलेला की आपोआप उगवलेला, हे वीस वर्षांनी सिद्ध करणे कठीण. म्हणून रोप लहान असतानाच त्याची जागा व मालकाचे नाव कागदावर यावे, असा हा प्रयत्न आहे. रानातून आपसूक उगवलेल्या रोपाचे काय करावयाचे, हा पेच मात्र तेथील शेतकऱ्यांपुढे अद्याप उभा आहे; आणि सावली देणारे बरेचसे वृक्ष तर असेच उगवतात.